गालिचा धुण्याआधी वाळवण्याचा विचार

लंडनमध्ये १९०१ साली ह्यूबर्ट सेसिल बूथ या अभियंत्याने धूळ ओढून घेणाऱ्या यंत्राचे पेटंट मिळवले. त्यापूर्वी त्याने एका प्रात्यक्षिकात हवा फुंकून धूळ उडवणारे यंत्र पाहिले होते. उडालेली धूळ फिरून तिथेच बसते हे पाहून, फुंकण्याऐवजी ती ओढून का घेऊ नये, असा साधा प्रश्न त्याला पडला. त्याचे यंत्र इतके अवजड होते की ते घोडागाडीवर लादून गिऱ्हाइकाच्या दाराशी उभे करावे लागे आणि लांबच लांब नळ्या खिडक्यांतून आत सोडाव्या लागत. सातव्या एडवर्डच्या १९०२ मधील राज्याभिषेकापूर्वी वेस्टमिन्स्टर ॲबीतील गालिचे याच यंत्राने स्वच्छ झाले. व्यापारी घराण्यांना मात्र या कथेतील दुसरीच गोष्ट अधिक मोलाची वाटेल. बूथने प्रारंभी यंत्रे विकण्यापेक्षा सफाईची सेवाच विकली. गालिचा-सफाई हा व्यवसाय म्हणजे मुळात अशी सेवा आहे. यंत्र हे त्यातले केवळ हत्यार.

कापडाच्या किंवा किराण्याच्या पेढीवर वाढलेला एखादा तरुण आज मुंबई-पुण्यात या धंद्यात उतरू पाहतो, तेव्हा बहुधा उलट्या टोकाने सुरुवात होते. आधी यंत्राचे माहितीपत्रक येते, त्यावर पाण्याच्या दाबाचे मोठमोठे आकडे असतात, कर्जाचे हप्ते बसवले जातात आणि मग कोणते गालिचे धुवायचे याचा शोध सुरू होतो. धुण्याचे सामर्थ्य दाखवणारे हे आकडे एका गोष्टीविषयी मौन पाळतात : धुतल्यानंतर आत किती पाणी उरते? या व्यवसायातील बहुतेक भांडणे घाण राहिल्याची नसतात, ओल राहिल्याची असतात. कुबट वास, तपकिरी वलये, आटलेली कड, सुटलेले अस्तर ही सारी उरलेल्या पाण्याचीच अपत्ये. पिढ्यान् पिढ्या जपलेला एखादा हातगाठीचा गालिचा बिघडला, तर त्याची भरपाई यंत्राच्या किमतीहून अधिक होऊ शकते. आणि गावात पेढीचे नाव निघते ते वेगळेच.

म्हणून पहिली ओळख यंत्राची नव्हे, तंतूची हवी. मालकाच्या संमतीने कोपऱ्यातील लवेचा एक धागा काढून ज्योतीला लावला की पुष्कळ उलगडा होतो. लोकर केस जळल्यासारखा वास देते आणि ज्योत दूर होताच विझू लागते. नायलॉन वितळून त्याचा कठीण मणी होतो. कापूस आणि व्हिस्कोस कागदासारखे जळतात. पॉलिप्रॉपिलीनचा धागा पाण्यावर तरंगतो. त्यानंतर पांढरे ओले फडके प्रत्येक रंगावर काही क्षण दाबून ठेवावे. फडक्यावर रंग उतरला, तर तो गालिचा पाण्याने धुण्याचा विचार तिथेच थांबवावा.

लोकर हा मोठा फसवा तंतू आहे. ती आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्क्यांपर्यंत ओल पोटात धरूनही हाताला कोरडीच लागते. त्यामुळे तळहात फिरवून ‘वाळला’ असे सांगणारा कारागीर प्रामाणिक असूनही चुकतो. त्याच्या हाती ओलावामापक द्यावा. सबंध साहित्यात याच्याइतके स्वस्त आणि याच्याइतके उपयुक्त उपकरण दुसरे नाही. लोकरीला तीव्र अल्कली सोसत नाही. पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, साधारण ५.५ ते ८ या मर्यादेत असावा आणि पाणी फार तर कोमट. घरोघरी फरशीसाठी वापरले जाणारे क्लोरीनचे ब्लीच लोकरीवर कदापि नको, कारण ते लोकर अक्षरशः विरघळवते.

व्हिस्कोसची कथा याहून बिकट. ‘बांबू सिल्क’ अशा मोहक नावाने दिवाणखान्यात येणारे कित्येक गालिचे प्रत्यक्षात व्हिस्कोसचे असतात. ओला होताच या तंतूची ताकद निम्म्याच्या आसपास येते, लव चिकटून राठ होते, पिवळट छटा उमटते. असे काम नव्या व्यावसायिकाने नम्रपणे परत करावे. नकार दिल्याने एक गिऱ्हाईक जाते. काम बिघडवल्याने त्याची सारी सोसायटी जाते.

पद्धतीचा प्रश्न यानंतर येतो. त्यातही पहिली पायरी कोरडीच. गालिच्यातील घाणीचा मोठा भाग माती, वाळू आणि धूळ यांचा असतो. त्यावर पाणी पडले की चिखल होतो आणि तो चिखल तळाशी जाऊन बसतो. पूर्वी घरची मंडळी गालिचा उलटा टाकून काठीने झोडपत, त्यात हेच शहाणपण होते. आज त्या जागी फिरत्या ब्रशचा, बारीक धूळ अडवणाऱ्या गाळणीचा चांगला व्हॅक्यूम हवा. भांडवल तोकडे असेल तर काटकसर इतरत्र करावी, इथे नको.

ज्याला माहितीपत्रके ‘स्टीम क्लीनिंग’ म्हणतात, त्यात वाफ क्वचितच असते. गरम पाणी दाबाने आत सोडून लगेच ओढून घेणे, म्हणजे एक्स्ट्रॅक्शन, ही ती क्रिया. नायलॉन-पॉलिएस्टरच्या मळकट कार्पेटसाठी खोलवर सफाईची ही पद्धत उत्तम, मात्र पाणी सोडण्याइतकेच ते ओढण्याचे बळ यंत्रात असले पाहिजे. पंपाचा दाब विचारण्याआधी शोषणाच्या मोटारी किती आणि कशा, हे विचारावे. नळी जितकी लांब, तितके शोषण दुबळे, हेही ध्यानात असू द्यावे. अमेरिकेत मोटारगाडीवर बसवलेली, इंजिनावर चालणारी मोठी यंत्रे पुष्कळ वापरली जातात. तिथली बैठी, दारात गाडी उभी राहणारी घरे त्याला अनुकूल आहेत. विसाव्या मजल्यावरील सदनिका आणि गाडी उभी करण्यावरून पहारेकऱ्याशी होणारा वाद, अशा मुंबईत तो थाट निरुपयोगी ठरतो. लिफ्टमध्ये मावणारे, दोन माणसांना उचलता येणारे यंत्रच इथे कामाचे.

विजेचा हिशेब तर आधीच करावा. घरातील मोठा सॉकेट १६ अँपिअरचा असतो. २३० व्होल्टला त्यावर जेमतेम ३,६८० वॅटचा भार चालतो. २,००० वॅटचा हीटर आणि १,२०० वॅटच्या दोन मोटारी एकाच वेळी चालवल्या, तर हा भार ४,४०० वॅट होतो आणि गिऱ्हाइकाच्या घरातील वीज जाते. हीटर वेगळ्या सर्किटवर चालवण्याची सोय यंत्रात आहे का, हे खरेदीपूर्वी पाहिले नाही, तर पहिल्याच दिवशी अंधारात उभे राहण्याची पाळी येते. पाण्याचेही तसेच. टँकर किंवा बोअरवेलचे जड पाणी साबणाचे बळ खाते आणि हीटरवर क्षारांचा थर चढवते.

कार्यालयांतील कार्पेट टाइल्सना सहसा एवढ्या पाण्याची गरज नसते. कित्येक ठिकाणी त्या उंचावलेल्या फरशीवर बसवलेल्या असतात आणि खालून विजेच्या व संगणकाच्या तारा गेलेल्या असतात. तिथे पाणी ओतणे म्हणजे संकटाला आमंत्रण. अशा जागी एन्कॅप्सुलेशनची पद्धत बरी. तिच्यातील रसायन मळाभोवती वाळून ठिसूळ कण तयार करते आणि ते कण पुढे व्हॅक्यूमने निघतात. काही तासांत जागा वापरता येते, त्यामुळे शनिवारी रात्री काम करून सोमवारी सकाळी कार्यालय सुरू. यासाठी मिनिटाला १५०-२०० फेऱ्यांचे साधे सिंगल डिस्क यंत्र पुरते, आणि तेच यंत्र फरशीच्या कामालाही येते. फिरत्या पॅडने वरवर पुसण्याची बॉनेट पद्धत हॉटेलच्या लॉबीत वेळ निभावण्यापुरती ठीक. तिच्यावर धंदा उभा राहत नाही. भरपूर फेसाच्या जुन्या शॅम्पूचा अवशेष नीट काढला नाही, तर चिकटपणाने धूळ धरतो आणि महिन्याभरात गालिचा पूर्वीहून मळकट दिसतो. मग दोष शॅम्पूचा असतो, बोलणी मात्र माणसाला.

डागांची गोष्ट स्वयंपाकघराशी जोडलेली आहे. हळदीचा डाग सोड्याच्या वा साबणाच्या पाण्याने लालभडक होतो, कारण हळदीचा रंगच अल्कलीत बदलतो. घाबरलेला नवखा कारागीर मग आणखी घासतो आणि लव उपटतो. हळदीचा रंग प्रकाशात फिका पडत जातो, हे ठाऊक असलेला माणूस सौम्य सफाई करून थांबतो आणि उरलेले काम सूर्यावर सोपवतो. चहाच्या डागावर अल्कली नव्हे, सौम्य आम्ल हवे. म्हणून पेटीत दहा बाटल्यांऐवजी गुण माहीत असलेल्या चार बाटल्या असाव्यात, आणि प्रत्येकीचा प्रयोग आधी लपलेल्या कोपऱ्यात व्हावा.

लोकरीला कसर लागते, आणि ग्राहक सफाईसोबत ती मारण्याचीही मागणी करतात. कीटकनाशक फवारणीच्या व्यवसायाला १९६८ च्या कीटकनाशक कायद्यानुसार परवाना लागतो, म्हणून ही मागणी सहज स्वीकारण्यासारखी नाही. अहिंसेचा आग्रह असलेल्या घरांतील व्यावसायिकाला तर ती मुळातच नकोशी वाटेल. त्याच्यापाशी दुसरा मार्ग आहे. जड फर्निचरखालील अंधारी जागा नियमित व्हॅक्यूम करणे, गालिचा अधूनमधून उलटवणे आणि तो पूर्ण कोरडा ठेवणे, इतक्याने कसरीला थाराच मिळत नाही.

अर्थात कोरडेपणाची खरी परीक्षा पावसाळ्यात. कोकणपट्टीची हवा जुलैत स्वतःच ओली असते. नुसता पंखा लावून ती ओली हवाच फिरत राहते. एक-दोन दिवस ओल टिकली की बुरशी धरू लागते. जमिनीलगत वारा फेकणारे दोन ब्लोअर आणि बंद खोलीसाठी एक डीह्युमिडिफायर, हा खर्च मोठ्या एक्स्ट्रॅक्शन यंत्राच्या आधी करावा. हातगाठीचे गालिचे घरात धुण्यापेक्षा स्वतःच्या उताराच्या, निचऱ्याच्या जागेत आणून धुवावेत आणि पावसाळ्यात ते काम घेऊच नये, हे अनुभवी मंडळींचे धोरण योग्यच. दिवाळीपूर्वी कामाची गर्दी आणि पावसात मंदी, हे चक्र गृहीत धरून खेळते भांडवल राखावे.

कार्यालयांची वार्षिक कंत्राटे ही मंदी भरून काढतात, परंतु त्यांची देणी लांबतात. सूक्ष्म वा लघुउद्योग म्हणून उद्यम नोंदणी असेल, तर २००६ च्या कायद्यानुसार देयकाची मुदत ४५ दिवसांहून अधिक असू शकत नाही. कंत्राट लिहितानाच हे कलम घालून घ्यावे. काम सुरू करण्यापूर्वी जुने डाग, विरलेल्या जागा, सुटलेली झालर यांची नोंद छायाचित्रांसह करून त्यावर मालकाची सही घ्यावी. वहीखात्यावर वाढलेल्या माणसाला हे सांगणे नको, तरी गालिच्याच्या बाबतीत संकोचापोटी हीच नोंद राहून जाते.

यंत्र विकत घेताना विक्रेत्याच्या दालनातील स्वच्छ तुकड्यावरील प्रात्यक्षिक पाहून समाधान मानू नये. घरातील वापरलेले, मळलेले कार्पेट मांडावे, घरचेच पाणी द्यावे, घरच्याच सॉकेटवर यंत्र लावावे आणि १० बाय १० फुटांचा भाग धुऊन मागावा. मोटारीचे कार्बन, पंपाची सीले, नळीचे सांधे शहरात कुठे मिळतात आणि दुरुस्तीला माणूस किती दिवसांत येतो, हे त्याच बैठकीत विचारावे. धुतलेल्या भागावर पांढरा टॉवेल अंथरून त्यावर उभे राहावे, टॉवेल किती भिजला ते पाहावे आणि विक्रेत्याला चहा पाजून निरोप द्यावा. पैशांचे बोलणे दुसऱ्या दिवशी सकाळी, ओलावामापकाचा आकडा वाचल्यानंतर.