मुंबई सिटीचा २०२०-२१ : माझ्यासाठी सर्वोत्तम हंगाम

आयएसएलमध्ये एकाच हंगामात लीग शील्ड आणि चषक दोन्ही जिंकणारा पहिला संघ म्हणजे आपली मुंबई सिटी! कोविडमुळे सगळे सामने गोव्यात रिकाम्या स्टेडियममध्ये झाले. अंधेरीच्या गॅलरीतला आवाज पाठीशी नसताना मिळवलेलं हे यश मला म्हणूनच जास्त मोलाचं वाटतं.

सुरुवात वाईट होती. पहिल्याच सामन्यात आपल्या अहमद जाहूला लाल कार्ड आणि नॉर्थईस्टकडून ०-१ हार. पण प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांनी आपली पासिंगची शैली सोडली नाही.

माझ्या मते संघाचे खरे आधार हे चौघे:

🔵 अहमद जाहू : खेळाचा वेग तोच ठरवायचा. त्याच्यासारखे लांब पास लीगमध्ये क्वचितच दिसले.
🔵 मुर्तदा फॉल : बचावात भक्कम, कॉर्नरवर हेडरने गोल करणारा.
🔵 अमरिंदर सिंग : कर्णधार आणि गोलरक्षक. उपांत्य फेरीत एफसी गोवाविरुद्ध पेनल्टी शूटआउटपर्यंत ताणलेली लढत आपण जिंकली.
🔵 बिपिन सिंग : ओडिशाविरुद्ध हॅटट्रिक. १३ मार्च २०२१ ला फातोर्ड्यात एटीके मोहन बागानविरुद्धच्या अंतिम सामन्यात ९० व्या मिनिटाला विजयी गोल, २-१!

मंदार राव देसाईला मात्र हवं तेवढं श्रेय मिळालं नाही. विंगर असूनही त्याने लेफ्ट बॅकची जागा समर्थपणे सांभाळली.

तुमच्या मते त्या हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू कोण? कमेंटमध्ये नक्की लिहा. 💙