खांदा 'हँग' झालाय?

लोकलमध्ये वरची कडी धरायला हात उचलला आणि कळ थेट कोपरापर्यंत गेली. शर्टाची बाही चढवताना तेच. त्या कुशीवर झोपणं तर विसराच! 'माऊसमुळे असेल' म्हणत तुम्ही दिवस ढकलता आणि एका सकाळी मागच्या खिशातलं पाकीटही निघत नाही.

मग सल्ले सुरू. आई म्हणते, तेल चोळ. ऑफिसातला मित्र म्हणतो, 'माझ्या ओळखीचा एक जण आहे, एका झटक्यात मोकळा करतो.' तेल ठीक आहे, झटका मात्र नको. सांध्याभोवतीचं आवरण सुजलेलं असताना हात जोरात ओढला, तर दुखणं वाढायचीच भीती.

फिजिओथेरपिस्टही हातानंच काम करतात, पण हिशेबानं. त्यांच्या तीन पद्धती हमखास कानावर पडतील.

मेटलंड : ऑस्ट्रेलियाच्या जेफ्री मेटलंड यांची. सांध्याला लयीत हेलकावे द्यायचे. दुखत असेल तर छोटे, हलके. खांदा आखडला असेल तर शेवटच्या टोकापर्यंत.

काल्टेनबॉर्न : नॉर्वेच्या फ्रेडी काल्टेनबॉर्न यांची. सांधा किंचित ओढून धरायचा आणि हाड ठरावीक दिशेला सरकवायचं.

मलिगन : न्यूझीलंडच्या ब्रायन मलिगन यांची. थेरपिस्ट सांध्यावर दाब धरून ठेवतो, हात तुम्ही हलवायचा. अट एकच, त्या वेळी दुखता कामा नये.

मग जिंकतं कोण?

गंमत म्हणजे, नावापेक्षा दिशा महत्त्वाची ठरते. २००७ मध्ये अमेरिकेत फ्रोझन शोल्डरच्या २० पेशंट्सवर एक प्रयोग झाला. हाड मागे सरकवलेल्या गटात सहा सेशन्सनंतर हात बाहेर वळण्याची क्षमता सरासरी ३१ अंशांनी वाढली. पुढे सरकवलेल्या गटात फक्त ३! दुखणं मात्र दोन्ही गटांत कमी झालं. २००६ च्या एका डच अभ्यासात १०० पेशंट्स होते. जोरकस हेलकावे हलक्यांपेक्षा सरस ठरले, पण थोडक्यानंच. आणि २०१४ चा कॉक्रेन आढावा सांगतो, की फ्रोझन शोल्डरमध्ये सुरुवातीच्या काही आठवड्यांत स्टेरॉइडचं इंजेक्शन हातानं केलेल्या उपचार आणि व्यायामापेक्षा जास्त आराम देऊ शकतं. म्हणजे डॉक्टरांना आधी भेटाच. जाताना शुगरही तपासून घ्या. डायबेटिस असणाऱ्यांना फ्रोझन शोल्डर जास्त गाठतो. डाव्या हातासोबत छातीत दाब आणि घाम असेल, तर मात्र फिजिओ नाही, थेट हॉस्पिटल.

फरक पडतोय हे कसं ओळखायचं? 'स्पाडी' नावाची १३ प्रश्नांची एक यादी असते : पाच दुखण्याचे, आठ रोजच्या कामांचे. केस धुता येतात? उंच फळीवर वस्तू ठेवता येते? पहिल्या दिवशी ती भरा, महिन्यानं पुन्हा भरा. आकडा हलला नाही, तर थेरपिस्टला बिनधास्त विचारा, 'आता पद्धत बदलायची का?'

त्या यादीत मागच्या खिशाचाही प्रश्न आहे बरं का. पाकीट सहज निघालं, की समजा फी वसूल!