शिंगाची मूठ आणि हेझलचा दांडा

द्रव्य आणि हस्तकला : लेखांक ९

इंग्लंडचा उत्तरेकडील नॉर्थंबरलँड परगणा आणि स्कॉटलंडचा दक्षिण भाग यांच्या सीमेवर चेव्हियट नावाची डोंगररांग असून तिच्या गवताळ उतारांवर शतकानुशतके मेंढपाळी चालत आली आहे. या प्रदेशात मेंढपाळाच्या साध्या काठीपासून एक स्वतंत्र हस्तकला विकसित झाली, तिला तेथे ‘स्टिक ड्रेसिंग’ म्हणतात. लाकडी दांड्यावर मेंढ्याच्या शिंगाची वळवलेली, कोरलेली आणि चकाकी आणलेली मूठ बसवणे हे तिचे मुख्य अंग होय. मागील लेखांकात लाकडाच्या तंतूंचा आणि ते वाळण्याच्या क्रियेचा विचार झाला. प्रस्तुत लेखांकात लाकूड आणि शिंग ही भिन्न स्वभावाची दोन द्रव्ये एकाच वस्तूत कशी नांदतात, हे पाहावयाचे आहे.

या काठीचा आकार मुळात कामातून ठरला. मोकळ्या डोंगरावर मेंढी पकडण्यासाठी मेंढपाळ काठीची आकडी वापरतो आणि तिचे दोन प्रकार आहेत. मानेत अडकवावयाच्या आकडीचे तोंड साधारणपणे हाताची चार बोटे मावतील इतके रुंद ठेवतात, तर मागच्या पायात अडकवावयाची आकडी त्याहून बरीच अरुंद असते, कारण पाय आत शिरावा पण सहजासहजी निसटू नये, अशी तिची रचना असावी लागते. आकडीचे टोक बाहेरच्या बाजूस किंचित वळवलेले असते, त्याला कारागीर ‘नोज’ म्हणतात. मेंढीला इजा न होता ती आकडीत सरकावी, हा त्या वळणाचा मूळ हेतू असून पुढे याच टोकावर कोरीवकामाची प्रथा रुजली. हिवाळ्याच्या लांब रात्री मेंढपाळांनी जोपासलेल्या या कामाला विसाव्या शतकात संघटित रूप आले. सीमाप्रदेशातील कारागिरांची ‘बॉर्डर स्टिक ड्रेसर्स असोसिएशन’ 1951 मध्ये, तर ‘ब्रिटिश स्टिकमेकर्स गिल्ड’ 1984 मध्ये स्थापन झाली, आणि कृषिप्रदर्शनांत अशा काठ्यांच्या स्पर्धा आजही भरतात.

दांड्यासाठी सर्वाधिक पसंती हेझलला मिळते. हेझलनट या फळामुळे परिचित असलेले हे झाड बुंध्यापासून अनेक सरळ फोक फोडते आणि त्याची साल चंदेरी-तपकिरी छटांची असल्यामुळे ती तशीच राखली जाते. झाडातील रस उतरलेला असतो त्या हिवाळ्यात हे फोक तोडतात, त्यांच्या दोन्ही टोकांना मेण किंवा रंग लावून ती बंद करतात आणि ऊन न लागणाऱ्या, वारा खेळत्या जागी किमान वर्षभर वाळत ठेवतात. टोके उघडी राहिल्यास तेथील ओलावा मधल्या भागापेक्षा लवकर उडून जातो आणि लाकूड तडकते, म्हणून ही खबरदारी घ्यावी लागते. वाळलेल्या फोकातील बाक वाफ देऊन काढता येतो, परंतु ओल्या फोकाला सरळ करण्यात अर्थ नसतो, कारण वाळताना तो पुन्हा वाकतो.

शिंगाचा स्वभाव याहून गुंतागुंतीचा आहे. सांबर किंवा चितळ यांची शिंगे हाडाची, भरीव आणि ठरावीक काळाने गळून पुन्हा उगवणारी असतात. मेंढा, म्हैस, गाय यांचे शिंग मात्र केराटिन या प्रथिनाचे, म्हणजे नखे आणि केस ज्या द्रव्याचे बनतात त्याच द्रव्याचे असते. ते आयुष्यभर वाढत राहते आणि त्याच्या आत हाडाचा गाभा असतो. वाढ मुळाकडून होत असल्यामुळे एकात एक बसवलेल्या द्रोणांप्रमाणे त्याचे थर रचले जातात, परिणामी टोक भरीव आणि बूड पोकळ राहते. केराटिनचे रेणू गंधकाच्या बंधांनी एकमेकांस जखडलेले असल्याने शिंग चिवट असते, पण ओलावा आणि उष्णता मिळाल्यावर ते मऊ पडते आणि दाबाखाली थंड झाल्यास दिलेला आकार बऱ्याच अंशी धरून ठेवते. ही सारी कला या एका गुणावर उभी आहे.

कारागीर पूर्ण वाढ झालेल्या, वयस्क मेंढ्याचे शिंग निवडतो, कारण कोवळ्या शिंगाची भिंत पातळ असते. आतील हाड काढल्यावर शिंगही बरेच महिने वाळू दिले जाते. त्यानंतर येणारे पोकळ बूड भरीव करण्याचे काम कारागिराची खरी परीक्षा पाहते. बूड उकळत्या पाण्यात किंवा गरम हवेच्या झोतात तापवून, आतून अर्धगोल खोबणी असलेल्या जबड्यांत धरून शेगड्यामध्ये, म्हणजे व्हाइसमध्ये, हळूहळू दाबतात. एका दमात दाबल्यास भिंत चिरते, म्हणून थोडे दाबणे, पुन्हा तापवणे, बाजू फिरवून परत दाबणे असा क्रम चालतो आणि त्यातून पोकळी मिटत जाऊन बुडाचा छेद गोल होतो. मेंढ्याचे शिंग मळसूत्रासारखे बाहेर वळत जाते, तेव्हा पुढच्या टप्प्यात हा पीळ काढून सर्व वळण एका पातळीत आणावे लागते, आणि मगच ते साच्याभोवती वाकवून आकडीचा आकार देता येतो. उष्णता कमी पडली तर शिंग तुटते आणि जास्त झाली तर ते करपते किंवा त्याचे थर सुटतात. शिवाय शिंगात मूळ आकाराकडे परतण्याची ओढ शिल्लक असते, त्यामुळे प्रत्येक वाकवणीनंतर ते पूर्ण थंड होईपर्यंत पकडीत ठेवणे अपरिहार्य ठरते.

आकार पक्का झाल्यावर जाड दातांच्या कानशीने जादा भाग काढतात आणि मूठ बुडाकडून टोकाकडे एकसारखी निमुळती करतात. शोभेच्या काठ्यांच्या टोकावर थिसल हे स्कॉटलंडचे काटेरी फूल, ट्राउट मासा, फेझंट पक्षी, मेंढी किंवा राखणीचा कोली कुत्रा कोरतात आणि काही कारागीर त्यावर रंगही भरतात. मात्र कोरीवकाम कितीही नाजूक असले तरी ते आकडीच्या वळणाला धरून असावे लागते. टोकावर बोजड आकृती आली की काठीचा तोल पुढे जातो आणि ती हातात फिरू लागते.

मूठ आणि दांडा यांच्या सांध्यात दोन्ही द्रव्यांची गाठ पडते. दांड्याच्या टोकालाच खुंटीचा आकार देऊन ती मुठीच्या छिद्रात बसवणे ही एक पद्धत आहे, तर दोन्हीकडे छिद्रे पाडून आट्यांची पोलादी सळई इपॉक्सी चिकटद्रव्याने पक्की करणे ही दुसरी. कोणत्याही पद्धतीत दोन्ही पृष्ठभाग एकमेकांना सर्व बाजूंनी टेकले पाहिजेत. त्यासाठी एका पृष्ठभागाला रंग लावून दुसऱ्यावर टेकवतात, ज्या उंचवट्यांवर रंग उमटतो तेवढेच कानशीने घासतात आणि रंग सर्वत्र सारखा उमटेपर्यंत हे चालू ठेवतात. दोहोंमध्ये बहुधा वेगळ्या रंगाच्या शिंगाचे किंवा चांदीचे कडे घालतात. त्याने शोभा येते, पण मुळातील फट त्याने लपत नाही.

शेवटच्या सफाईत खरखरीत पॉलिशपेपरपासून आरंभ करून क्रमाने बारीक कागद वापरतात आणि प्रत्येक कागदाने आधीच्या कागदाचे ओरखडे पूर्ण काढावे लागतात. एक पायरी गाळली तर ते ओरखडे शेवटच्या चकाकीत अधिकच ठळक दिसतात. त्यानंतर धातूच्या पॉलिशने आणि मऊ कापडाने घोटल्यावर शिंगातील मधाळ, करड्या आणि काळ्या छटा अर्धपारदर्शक होऊन खुलतात. दांड्याच्या सालीवर मात्र जवसाचे तेल किंवा वार्निश यांचे पातळ हात पुरतात, आणि जमिनीकडील टोकाला झीज थांबवण्यासाठी धातूची टोपी बसवतात.

या कामातील सफाई म्हणजे अखेरीस चढवलेला मुलामा नव्हे. फोक कोणत्या ऋतूत तोडला, शिंग किती धीराने तापवले, सांधा किती वेळा तपासला, यांवरच ती अवलंबून असते, आणि आधीच्या टप्प्यांतील घाई कोणत्याही पॉलिशने भरून निघत नाही. महाराष्ट्राच्या संदर्भातही हा विचार अगत्याचा आहे. लाकडी खेळणी आणि गंजिफा यांसाठी नावाजलेल्या सावंतवाडी संस्थानात एके काळी म्हशीच्या आणि गव्याच्या शिंगांपासून दिवाणखान्यातील शोभेच्या वस्तू घडत असत, याची नोंद ब्रिटिश काळातील गॅझेटियरमध्ये आहे. गव्याला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण मिळाले आहे आणि ते योग्यच आहे. पण पाळीव म्हशीचे शिंग आजही उपलब्ध असून त्याचा स्वभाव जाणणारे हात टिकवणे, ही जपणुकीची खरी बाब आहे. ओडिशातील कटक आणि पारळाखेमुंडी येथे, तसेच उत्तर प्रदेशातील संभल येथे असे हात आहेत. त्यांच्या कामाचा परामर्श पुढील लेखांकात घेतला जाईल.