दगडाला चिकटणारी चार चाकं

मागच्या डिसेंबरातला रविवार. सकाळी सात वाजता वेताळ टेकडीच्या जुन्या खाणीजवळ मी अक्षरशः पालथा पडून एका दगडाकडे बघत होतो. दगडावर वीतभर लांबीची जीप. पुढचं डावं चाक एका खाचेत, मागचं उजवं हवेत, आणि गाडी मुंगीच्या पावलांनी वर सरकतेय. फिरायला आलेले एक काका थांबले, दोन मिनिटं बघत राहिले, मग म्हणाले, "किती स्पीड आहे रे हिला?"

"काका, तुम्ही चालायला लागलात तर ही मागे पडेल."

काकांचा चेहराच उतरला. "मग काय उपयोग?"

हाच प्रश्न घरी आईनं विचारला होता, होस्टेलवर रूममेटनं विचारला होता. आरसी गाडी म्हटलं की डोळ्यांसमोर सुसाट पळणारी, धुरळा उडवणारी बग्गी येते. रॉक क्रॉलर हा त्याच्या बरोबर उलटा प्रकार. इथं मजा वेगात नाही, चढण्यात आहे. कुठलं चाक कुठं टेकवायचं, कधी थांबायचं, कधी मागं घेऊन दुसरी वाट धरायची, याचं डोकं लावावं लागतं. मला तरी तो बुद्धिबळाच्या जवळचा वाटतो. आणि आपल्याकडे दगडांची कमतरता आहे का? सह्याद्रीचा काळा, खरबरीत बेसॉल्ट टायरला जी पकड देतो, ती गुळगुळीत फरशीवर स्वप्नातही मिळणार नाही.

पण आधी माझा गाढवपणा सांगतो, म्हणजे तुमचे पैसे वाचतील. दोन महिन्यांच्या इंटर्नशिपचे बारा हजार हातात आले होते. ऑनलाइन एक गाडी दिसली. भलीमोठी, चाकं राक्षसासारखी, खोक्यावर 'रॉक क्लाइंबिंग' असं ठळक छापलेलं. साडेचार हजार. घेतली. पहिल्याच दिवशी कळलं की स्टिअरिंग एकतर पूर्ण डावीकडे वळतं नाहीतर पूर्ण उजवीकडे, मधलं काही नाहीच. ट्रिगरचंही तेच. दाबला की गाडी उडी मारते, सोडला की उतारावरून घरंगळत मागं येते. तिसऱ्या आठवड्यात गिअरचे दात गेले. दुकानदाराला पार्ट विचारला तर तो म्हणाला, "पार्ट? नवीनच घ्या ना!"

खेळणं आणि हॉबी-ग्रेड यातला फरक इथं आहे. गाडी मोठी की छोटी, दिसायला भारी की साधी, हे नंतर. आधी तीन गोष्टी विचारायच्या. स्टिअरिंग आणि ट्रिगर जेवढा हलवू तेवढीच गाडी हलते का? चढावर ट्रिगर सोडला तर गाडी जागच्या जागी थांबते का? याला ड्रॅग ब्रेक म्हणतात आणि क्रॉलरमध्ये तो हवाच. आणि तिसरं, मोडलेला प्रत्येक स्क्रू, गिअर, शाफ्ट सुटा मिळतो का? तिसऱ्याचं उत्तर 'नाही' असेल तर बाकीचं वाचूच नका.

मग येतो आकार. क्रॉलर साधारण तीन मापांत मिळतात: १/१०, १/१८ आणि १/२४. म्हणजे खऱ्या गाडीच्या एक दशांश, एक अष्टमांश वगैरे... थांबा, १/१८ला अष्टमांश म्हणत नाहीत, अठरावा भाग. तर १/१० हे या छंदाचं मूळ माप. ट्रॅक्सस कंपनीची २०१७ मध्ये आलेली टीआरएक्स-४ किंवा अ‍ॅक्सियलची एससीएक्स१० ही यातली गाजलेली नावं. खरी टेकडी, खरे धोंडे, खरा चिखल असेल तर याला तोड नाही. पण हात लांब करूनही बॅगेत मावत नाही आणि किंमत ऐकून घरचे बोलणं बंद करतात. १/२४ मधली एससीएक्स२४ मात्र हातात मावते. पुस्तकांच्या ढिगावर, उशीवर, बाल्कनीतल्या कुंड्यांवरही चढते, म्हणजे पावसाळ्यातले चार महिने छंद बंद पडत नाही. होस्टेलवर राहणाऱ्यांनी इथूनच सुरुवात करावी असं माझं स्पष्ट मत आहे. टीआरएक्स-४एमसारखी १/१८ची गाडी या दोघांच्या मध्ये बसते. घरातही चालते आणि टेकडीवर अगदीच किडा वाटत नाही.

आता थोडं पोटात शिरू. खऱ्या कारला डिफरन्शियल असतो. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून दोन चाकं वेगवेगळ्या गतीनं फिरू देण्याची ती सोय. रस्त्यावर उत्तम. पण दगडावर एक चाक हवेत गेलं की सगळं फिरणं त्या हवेतल्या चाकाकडे जातं आणि टेकलेलं चाक ढिम्म बसून राहतं. चिखलात रुतलेल्या एसटीचं एकच चाक गरागरा फिरताना पाहिलंय ना? तेच. म्हणून क्रॉलरमध्ये पुढचा-मागचा डिफरन्शियल लॉक करून टाकतात. चारही चाकं एकत्रच फिरतात, एक हवेत असलं तरी बाकीची गाडी ओढतात. याची किंमत म्हणजे गाडी मोठा घेर घेऊन वळते. टीआरएक्स-४ मध्ये हे लॉक रिमोटवरून लावता-काढता येतं. छोट्या गाड्यांत ते बहुधा कायमचं असतं आणि नवशिक्याला तेवढं पुरतं.

दुसरा शब्द ऐकाल तो पोर्टल अ‍ॅक्सल. चाकाजवळ जादा गिअर बसवून अ‍ॅक्सल चाकाच्या मध्यापेक्षा वर उचललेला असतो, त्यामुळे पोट दगडाला घासत नाही. मर्सिडीजच्या युनिमॉग ट्रकमध्ये हीच रचना आहे. एफएमएसच्या एफसीएक्स२४ला एवढ्याशा मापात ती दिली आहे. असली तर छान, नसली तर रडू नका.

खरा फरक पडतो तो टायर आणि वजनानं. क्रॉलरच्या टायरमध्ये हवा भरलेली नसते, आत फोम असतो. रबर मऊ असेल तर ते दगडाच्या खाचेत बसतं, कडक असेल तर घसरतं. नखानं दाबून बघायचं. वजन खाली आणि थोडं पुढं हवं, नाहीतर खड्या चढावर गाडी नाक वर करून मागं कोलमडते. म्हणूनच जुने खेळाडू पुढच्या चाकांजवळ पितळेचे तुकडे लावतात. आणि नवे खेळाडू? टपावर कॅरिअर, शिडी, इवलासा जेरीकॅन! फोटो झकास येतो, गाडी दर दोन मिनिटांनी उताणी. मीही हे केलंय.

बॅटरीकडे दुर्लक्ष करू नका, खास करून होस्टेलवर. चांगल्या क्रॉलरमध्ये लायपो बॅटरी असते. टू-एस म्हणजे दोन सेल, ७.४ व्होल्ट. पूर्ण चार्ज झाल्यावर प्रत्येक सेल ४.२ व्होल्टला पोचतो. तो ३ च्या खाली गेला की बॅटरी बाद व्हायला लागते. परीक्षेसाठी महिनाभर ठेवून द्यायची असेल तर सेलमागे साधारण ३.८ वर ठेवावी. रात्री चार्जिंगला लावून झोपायचं नाही. फुगलेली बॅटरी 'अजून चालतेय' म्हणून वापरायची तर अजिबात नाही.

पैशांचं म्हणाल तर परदेशी साइटवरची किंमत डॉलरच्या भावानं गुणून खूश होऊ नका. आपल्याकडे खेळण्यांवरचं आयातशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० झालं आणि २०२३ मध्ये ७०. त्यामुळे तिकडची स्वस्त गाडी इथं येईपर्यंत पाच आकडी होते. मी शेवटी एका सीनिअरकडून वापरलेली १/२४ घेतली. उरलेल्या साडेसात हजारांत चार्जर आणि जादा बॅटरीसकट बसली. वापरलेली घेताना चाकं हातानं हलवून ढिलेपणा बघा, गाडी उलटी करून शाफ्ट तपासा, आणि स्टिअरिंग दगडाला टेकलेलं असताना वळवून बघा. छोट्या गाड्यांत आधी दम सोडतो तो सर्वोच, म्हणजे स्टिअरिंग फिरवणारी मोटर.

काका त्या दिवशी गेले नाहीत. जीप तिसऱ्यांदा उताणी झाली तेव्हा तेच गुडघ्यावर बसले आणि बोटानं दाखवत म्हणाले, "अरे, इकडून नाही, त्या डाव्या खाचेतून घे." खाच बरोबर होती. पण वर पोचायला एक इंच उरला असताना बॅटरी संपली.