घरातला पसारा आणि नवरा-बायकोतला वाद



वस्तीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, म्हाताऱ्यांचे आजारपण आणि सगळ्यांची झोप एकाच जागी होते. त्यातच पोटमाळ्यावर जुन्या गोधड्या, बंद पडलेला कूलर, लग्नातली भांडी, रिकामे डबे आणि दाराबाहेर दोन टायर. घरातल्या एकाला वाटते, हे सगळे भंगारवाल्याला देऊन टाकावे. दुसरा म्हणतो, "असू दे, कधीतरी कामाला येईल." कधी साठवणारा नवरा असतो, कधी बायको. वर्षानुवर्षे तोच वाद चालतो आणि वस्तू जागच्या हलत नाहीत.

आरोग्याच्या पानावर हा विषय घेतला, कारण काही पसारा माणसाला आजारी पाडतो, काही पाडत नाही. "ठेवायचे की फेकायचे" असा वाद घातला तर तो कधीच मिटत नाही. "यातले आजार आणणारे कोणते" असे विचारले, तर निम्मा वाद तिथेच संपतो.

साठवणारा वेडा नसतो

आपल्या आई-वडिलांनी फाटक्या लुगड्याची गोधडी केली, डालड्याच्या डब्यात पीठ ठेवले. ज्याला उद्याची खात्री नसते, तो वस्तू सहजासहजी टाकत नाही. काही घरांत भंगार हीच रोजी असते. भाव येईपर्यंत माल घरातच राहतो.

कागदांचे तर आणखी वेगळे. अनुसूचित जातीचा दाखला काढताना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. आजोबांच्या शाळेचा जीर्ण दाखला नातवाच्या प्रवेशाला उपयोगी पडतो. झोपडपट्टी पुनर्वसनात मोफत घरासाठी १ जानेवारी २००० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. तेव्हा जुने लाइट बिल जपणाऱ्या नवऱ्याला "रद्दी गोळा करता" म्हणून हिणवू नका. पुस्तकांचेही तसेच. बाबासाहेबांनी दादरला राजगृह बांधले ते आपल्या ग्रंथांना जागा मिळावी म्हणून. पुस्तक हा पसारा नव्हे.

टाकू पाहणाऱ्याचेही खरे असते. झाडलोट, डास, झुरळे आणि आजारी मुलाची उस्तवार बहुतेक घरांत बाईच्याच वाट्याला येते. ती वैतागून बोलते तेव्हा तिला कजाग म्हणू नये. पसाऱ्याची मेहनत तिच्या अंगावर पडते, हे नवऱ्याने ओळखावे.

या पाच जागांवर तडजोड नको

१. छप्पर आणि पाणी. ताडपत्री उडू नये म्हणून छपरावर टायर ठेवतात. त्यात, फुटक्या बादलीत, कूलरमध्ये साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळायचा. पाणी नुसते ओतू नका, भांडे आतून घासा, कारण अंडी काठाला चिकटून कोरड्यातही काही महिने टिकतात. टायरच्या जागी वाळूची पोती किंवा विटा ठेवा.

२. खिडकी. खिडकीपुढे कपाट किंवा बोचकी रचली की हवा आणि ऊन थांबते. क्षयरोगाचे जंतू कोंदट खोलीत जास्त वेळ हवेत राहतात. वारा आणि ऊन त्यांना कमी करते. खोकल्याचा पेशंट असलेल्या घरात सर्वात आधी खिडकी मोकळी करा.

३. चूल. शेगडी आणि सिलिंडरजवळ कपडे, कागद, प्लास्टिक नको. विजेच्या मीटरखालीही गठ्ठे नकोत. फिनेल, ॲसिड, रॉकेल थंड पेयाच्या बाटलीत ठेवू नका. मूल पाणी समजून पिते. प्यायलेच तर उलटी करवू नका, ती बाटली घेऊन लगेच दवाखाना गाठा.

४. दाराची वाट आणि शिडी. रात्री लघवीला उठणारी सासू पायातल्या डब्याला अडखळते. म्हातारपणी खुब्याचे हाड मोडले की माणूस अंथरुणाला खिळतो. आग लागली तर बाहेर पडण्याची वाटही हीच.

५. झोपण्याची जागा. गाठोड्यांच्या आडोशाला उंदीर आणि झुरळे राहतात. झुरळांच्या विष्ठेची धूळ मुलांचा दमा वाढवते. उंदराच्या मुताने लेप्टो होतो. पावसात पाणी घरात शिरले आणि पायाला जखम असली तर धोका वाढतो. गावाकडे सरपणाच्या ढिगात मण्यार दडते आणि जमिनीवर झोपलेल्याला रात्री चावते. सामान विटांवर, भिंतीपासून थोडे सुटे ठेवा.

या पाच जागा घरातल्या कोणा एकाच्या नाहीत. त्या मोकळ्या ठेवण्यासाठी कोणाची परवानगी लागू नये, आणि ते काम दोघांनी मिळून करावे.

बाकीच्या वस्तूंचे काय?

बाकीच्यासाठी एकच नियम पाळा: ज्याची वस्तू, त्याला विचारल्याशिवाय टाकायची नाही. न दिलेले घ्यायचे नाही, हे शील आपण दर वंदनेत म्हणतो. बायको माहेरी गेली असताना तिची भांडी विकणे किंवा नवरा कामावर गेला असताना त्याची हत्यारे भंगारात देणे, हे त्या शीलात बसत नाही. शिवाय त्यामुळे पसारा कमी होत नाही. ज्याचे परस्पर टाकले, तो पुढे अधिक घट्ट धरून ठेवतो.

दीघ निकायातल्या सिगालोवाद सुत्तात बुद्धांनी पती-पत्नीची कर्तव्ये सांगितली आहेत. पतीने पत्नीचा मान राखावा, अपमान करू नये, घरचा कारभार तिच्या हाती द्यावा. पत्नीने मिळवलेले नीट सांभाळावे. कारभार तिच्या हाती असेल तर कोणती वस्तू कुठे राहील यात तिचा शब्द चालला पाहिजे. सांभाळणे म्हणजे मात्र सगळेच साठवणे नव्हे.

प्रत्यक्षात असे करा. दोघेही दमलेले नसतील, कोणी प्यायलेले नसेल अशी वेळ निवडा. एका दिवशी एकच जागा घ्या. तीन ढीग करा: ठेवायचे, द्यायचे किंवा विकायचे, आणि ठरत नाही ते. तिसरा ढीग पोत्यात बांधून वर तारीख लिहा. सहा महिन्यांत पोते उघडावे लागले नाही, तर ज्याची वस्तू आहे त्यानेच निर्णय घ्यावा. दोघांना एकेक ट्रंक किंवा फळी ठरवून द्या. त्यात काय ठेवायचे हे ज्याचे त्याने पाहावे; दुसऱ्याने हात लावू नये. मात्र ती भरली की नवे ठेवण्याआधी जुने काढायचे.

दाखले, रेशन कार्ड, फोटोपास, जुनी बिले घट्ट झाकणाच्या एका डब्यात, पुराचे पाणी पोहोचणार नाही इतक्या उंचीवर ठेवा. मोबाइलवर फोटो काढून ठेवा. डबा कुठे आहे हे दोघांनाही माहीत हवे.

बोलण्याची पद्धतही बदला. "तुमचा हा उकिरडा" म्हटले की समोरचा उलटतो. "अहो, पोराचा खोकला जात नाही, एवढी खिडकी मोकळी करू या" म्हटले तर उठतो. नवऱ्यानेही "तुला काही कळत नाही" न म्हणता "अगं, हे कुठे ठेवू म्हणजे तुला त्रास होणार नाही?" असे विचारावे.

मदत केव्हा घ्यावी

काही माणसांना खरकटे कागद, रिकाम्या पिशव्याही टाकवत नाहीत. झोपायला आणि चूल पेटवायला जागा उरत नाही, वस्तू हलवली तरी त्यांचा जीव कासावीस होतो. हा आळस नव्हे, हा मनाचा आजार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत त्याची स्वतंत्र नोंद आहे. उतारवयात ही सवय अचानक लागली तर विसरण्याचा आजारही असू शकतो. उलट, कोणी दिवसभर तीच फरशी पुन्हा पुन्हा पुसत असेल आणि थांबता येत नसेल, तर तेही दुखणेच. सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात दाखवा. टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत, मराठीतही बोलता येते.

आणि पसाऱ्याच्या निमित्ताने घरात हात उगारला जात असेल तर तो विषय पसाऱ्याचा राहत नाही. महिलांसाठी १८१ हा मदत क्रमांक आहे. ती मारहाण सोसण्याची गरज नाही.

बुद्ध पौर्णिमेला आपण घर धुऊन स्वच्छ करतो. त्यानंतर लगेच पावसाळा येतो. त्याआधीच्या एका रविवारी दोघांनी मिळून फक्त छपरावर चढा आणि टायर खाली उतरवा. पोटमाळ्याचा वाद नंतर बघू. डेंग्यूपासून मुले वाचवण्याबद्दल तर दोघांचे एकमत आहेच. सुरुवात तिथूनच करा.