येवल्याचा माग आणि बारावीचें गणित

गणिताचें नांव काढतांच आपल्या घरांतील निम्मीं माणसें कांहीं तरी काम आठवून माजघरांत निघून जातात, असा माझा बहुत दिवसांचा अनुभव आहे. गेल्या उन्हाळ्यांत येवल्यास बहिणीकडे गेलों, तेव्हां मात्र उलट प्रकार पाहावयास मिळाला. सबंध घर गणिताभोवतीं गोळा झालें होतें. धाकटी नात दहावी उत्तीर्ण होऊन वाणिज्य शाखेस जावयाची होती, आणि त्या शाखेंत अकरावीलाच एक वाट फुटते. गणित व संख्याशास्त्र घ्यावें, कीं त्याऐवजीं चिटणिसी कामाचा, ज्यास मुलें ‘एस. पी.’ म्हणतात तो, विषय घ्यावा? अर्ज भरण्यास दोन दिवस उरले होते. आजीचें म्हणणें, पोरीस सोपें असेल तें घेऊं द्या, आईचें म्हणणें, ज्यांत गुण पडतील तें घ्यावें, आणि वडिलांनीं तर, “गणितच घ्यावयाचें तर सायन्सचें घ्यावें, कॉमर्सचें गणित म्हणजे काय गणित आहे?” असा एक घाव दोन तुकडे निकाल देऊन टाकला.

हा शेवटचा आक्षेप मीं अनेक सुशिक्षित घरांतून ऐकला आहे. थोरल्या नातवाचें बारावीचें पुस्तक समोरच पडलें होतें, तें मीं चाळलें. २०२० सालीं निघालेल्या या पुस्तकाचे दोन भाग आहेत. पहिल्यांत तर्कशास्त्र, मॅट्रिक्स, डिफरन्शिएशन, इंटिग्रेशन व त्यांवरील समीकरणें. हीं प्रकरणें सायन्सच्या मुलासहि सुटलेलीं नाहींत. सायन्सवाल्यास त्यांखेरीज त्रिकोणमिति, सदिश राशि, अवकाशांतील रेषा व प्रतलें हीं शिकावीं लागतात. वाणिज्याच्या दुसऱ्या भागांत त्यांच्या जागीं दलाली व कसर, विमा व वार्षिकी, कालमालिका, निर्देशांक, कोणतें काम कोणास द्यावें याचें गणित, आणि कामांचा क्रम कसा लावावा याचें गणित, अशीं प्रकरणें येतात. ज्यास अभियांत्रिकीकडे जावयाचें आहे त्यानें सायन्सचेंच गणित घ्यावें, याबद्दल वाद नाहीं. परंतु दुसरें तें हलकें, हें म्हणणें मला पटत नाहीं.

वास्तविक व्यवहारांतील गणितास कमी लेखणें ही आपली परंपराच नव्हे. भास्कराचार्यांनीं इ. स. ११५० मध्यें ‘सिद्धान्तशिरोमणि’ रचला. त्यांतील ‘लीलावती’ उघडावी तों व्याज, सोन्याचा कस, खोदकाम, लांकूड कापणें, धान्याची रास, शंकूची छाया हेच विषय पुढें येतात, आणि त्यांतील कित्येक प्रकरणांस नांवच मुळीं ‘व्यवहार’ असें आहे. ज्यांनीं ग्रहांचीं स्थानें मोजलीं त्यांनींच धान्याची रासहि मोजली. त्यांचा नातू चांगदेव यानें आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापिला, तसा इ. स. १२०७ चा शिलालेख चाळीसगांवजवळ पाटण येथें आहे. येवल्याहून तें स्थळ एका दिवसांत पाहून येण्यासारखें आहे, तरी किती जण जातात, हें न विचारलेलें बरें.

आतां निर्देशांकाचेंच प्रकरण घ्या. महागाई शेंकडा इतकी वाढली असें वर्तमानपत्र सांगतें आणि आपण मान डोलावतों; ती कोणत्या मापानें मोजली, हें कोणी विचारीत नाहीं. समजा, एका घरांत गेल्या वर्षीं महिन्यास दहा किलो कांदे व दहा किलो बटाटे लागत, आणि दोहोंचा भाव किलोस २० रुपये होता. यंदा कांदा ४० वर गेला, बटाटा होता तेथेंच राहिला. घरच्या बाईनें कांदा पांच किलोवर आणला व बटाटा पंधरा किलो केला. गेल्या वर्षींची पिशवी यंदाच्या भावानें भरली तर ४०० रुपयांचे ६०० होतात, म्हणजे निर्देशांक १५०. यंदाची पिशवी दोन्ही भावांनीं भरून पाहिली तर ४०० चे ५०० होतात, म्हणजे निर्देशांक १२५. पहिली रीत लास्पेयर या जर्मन पंडितानें १८७१ त मांडली, दुसरी पाशे यानें १८७४ त. पहिलींत बाईचें शहाणपण जमेस धरलेलेंच नाहीं. दुसरी, घरानें जिभेस घातलेला आळा विसरून जाते. अर्व्हिंग फिशर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानें १९२२ च्या आपल्या ग्रंथांत दोहोंच्या गुणाकाराचें वर्गमूळ घेण्याची रीत उचलून धरली. येथें तें सुमारें १३७ येतें. ज्या गांवच्या बाजारांत कांद्याच्या भावाकडे डोळे लावून शेतकरी उभा असतो, तेथल्या मुलीस हें गणित परकें कां वाटावें?

बहिणीच्या शेजारींच पैठणी विणणारें एक कुटुंब आहे. पैठणीच्या काठापदराची नक्षी निरनिराळ्या रंगांच्या लहान लहान कांड्या हातानें गुंफून विणावी लागते. त्यामुळें एका साडीस महिना लागतो आणि भरगच्च पदराच्या साडीस कधीं वर्षहि लागतें. अशा धंद्यांत वेळ हेंच भांडवल. रात्रीं जेवणें आटोपल्यावर शेजारचे काका सहज येऊन बसले, तेव्हां नातवानें त्यांच्यापुढें कामांच्या क्रमाचें प्रकरण उघडलें. रंगाची कढई एक, ताणा मांडणारा माणूस एक, आणि चार रंगांचें रेशीम. प्रत्येक रंग आधीं कढईंत जाणार, मग ताण्यावर. त्यानें आंकडे धरले ते असे: जांभळ्यास रंगवण्याचे ६ तास व ताण्याचे ३, पिवळ्यास २ व ५, हिरव्यास ४ व ७, लालास ५ व १.

जांभळा, पिवळा, हिरवा, लाल या ओळीनें काम घेतलें तर सर्व काम संपण्यास २२ तास लागतात. कारण आरंभींचे सहा तास ताणेवाला हात बांधून बसतो. पुस्तकाचा नियम असा कीं, सर्व आंकड्यांत लहान आंकडा शोधावा. तो रंगाचा असेल तर तें काम आधीं, ताण्याचा असेल तर तें काम शेवटीं. मग उरलेल्या कामांस पुन्हां तोच नियम. लहान आंकडा लालाच्या ताण्याचा, १. म्हणून लाल शेवटीं. पुढला पिवळ्याच्या रंगाचा, २. म्हणून पिवळा प्रथम. नंतर जांभळ्याच्या ताण्याचा, ३. म्हणून तो लालाच्या अलीकडे, आणि हिरवा उरलेल्या दुसऱ्या जागीं. या क्रमानें तेंच काम १८ तासांत उरकतें. एक माणूस वाढला नाहीं, एक पैसा अधिक लागला नाहीं, आणि चार तास वांचले. १८ हून कमी होणेंहि शक्य नाहीं. कारण चारी रंगांस मिळून कढईच १७ तास घेते, आणि शेवटच्या रेशमास ताण्यावर निदान एक तास हवाच. हा नियम एस. एम. जॉन्सन यानें १९५४ सालीं सिद्ध केला. कोणास कोणतें काम द्यावें, याची शाळेंत शिकवितात ती रीत हॅरल्ड कून याची, १९५५ ची. या विद्या कारखान्यांच्या व युद्धाच्या निकडींतून जन्मल्या आणि आतां सोळा-सतरा वर्षांच्या मुलांच्या वहींत येऊन बसल्या आहेत.

काकांनीं सर्व शांतपणें ऐकून घेतलें. मग म्हणाले, “बाळ, रंगवलेलें रेशीम सावलींत वाळावें लागतें. कढईंतून काढलें आणि ताण्यास लावलें, असें होत नाहीं. तुझ्या पुस्तकांत तें कोठें आहे?”

नातू गप्प झाला. पुस्तकांत तें नव्हतें. या पुस्तकांचा दोष म्हणावयाचा तर हाच कीं, आंकडे आयते हातीं येतात आणि ते कोठून आले हें मुलांस कळत नाहीं. वडील किंचित् हंसले. आपला पक्ष सिद्ध झाला असें त्यांस वाटलें असावें.

तेवढ्यांत इतका वेळ कोपऱ्यांत बसलेली धाकटी म्हणाली, “काका, सगळ्या रंगांना वाळायला सारखाच वेळ लागतो का?”

“उन्हाळ्यांत तीन तास धर.”

तिनें दादाच्या हातची पेन्सिल घेतली आणि दोन्ही क्रम पुन्हां मांडले. ताण्याचें प्रत्येक काम तीन तास पुढें सरकलें. पहिल्या ओळीचे २२ चे २५ झाले, दुसऱ्या ओळीचे १८ चे २१. “क्रम तोच चांगला राहतो, काका,” ती म्हणाली, “शेवट फक्त तीन तास उशिरा येतो.”

दहावी झालेल्या मुलीनें गणितानें गृहीत धरलेली गोष्ट कोणती हें ओळखलें, ती बदलून पाहिली, आणि काय बदलतें व काय बदलत नाहीं हें सांगितलें. याहून ‘उपयोजित’ दुसरें काय असतें? आणि अनेक पदवीच्या अभ्यासक्रमांस बारावीचें गणित लागतें. अकरावीच्या अर्जावर तें खोडलें कीं ते दरवाजे पुढें तिच्यासाठीं सहसा उघडत नाहींत. मीं एवढेंच भाचेबुवांस म्हटलें. त्यांनीं उत्तर दिलें नाहीं. पुस्तक मात्र उचलून प्रस्तावनेपासून वाचावयास घेतलें. आजी पानाचा डबा आवरतां आवरतां म्हणाली, “दादा, तुझ्या वेळीं असलें कांहीं असतें तर तूंहि दोनदां बसला नसतास.” त्यावर मीं कांहीं बोललों नाहीं.

काका जावयास उठले आणि दारांतून परत वळले. “सगळ्या रंगांना सारखा वेळ म्हणालों खरा,” ते म्हणाले, “पण काळ्याला जास्त लागतो, पोरी. किती तें मीं कधीं मोजलें नाहीं.”

“मग क्रम पुन्हां तपासावा लागेल,” धाकटी म्हणाली. “किती लागतो तें उद्यां सांगाल?”

“घड्याळ लावून बघतों,” असें म्हणून ते गेले. तिनें कागदावर काळ्या रंगाचें नांव लिहून त्यापुढचा रकाना मोकळा ठेवला, आणि तो कागद प्रवेशाच्या अर्जावरच ठेवून ती झोपावयास गेली.