पानावरील थेंब व त्याचा कोन

‘अळवावरचें पाणी’ हा शब्दप्रयोग आपल्या भाषेंत न टिकणाऱ्या गोष्टीविषयीं रूढ आहे; परंतु फवारणी करणाऱ्या शेतकऱ्यास तो अक्षरशः भोंवतो. कांद्यावरील फुलकिड्यांसाठीं किंवा कोबीवरील अळीसाठीं औषध फवारावें, तर त्याचे थेंब मोत्यांसारखे गोल होऊन घरंगळतात व पैसा मातींत जातो. पीकपाहणीचे तक्ते लिहिण्यांत आमचें आयुष्य गेलें. त्यांत हा तोटा दाखविण्यास रकाना नाहीं. तरी तो ताडून पाहण्याचा मार्ग आहे, व तोच येथें सांगावयाचा आहे.

थेंबाची कड पानास जेथें टेकते, तेथें पान व थेंबाचा पृष्ठभाग यांच्यामध्यें पाण्याच्या अंगास जो कोन होतो, त्यास स्पर्शकोन म्हणतात. कोन लहान, तर थेंब पसरला असें समजावें. तो ९० अंशांपलीकडे गेला, तर पान पाण्यास झिडकारतें. लंडन येथील वैद्य थॉमस यंग यांनीं १८०५ सालीं असें प्रतिपादिलें कीं, घन व द्रव यांच्या प्रत्येक जोडीस हा कोन ठराविक असतो. कडेपाशीं पान व हवा, पान व पाणी, आणि पाणी व हवा अशा तीन सीमांच्या ओढी एकमेकींस तोलून धरतात. शेवटची ओढ म्हणजे पृष्ठताण; शुद्ध पाण्याचा तो दर सेंटीमीटरास सुमारें ७२ डाइन असतो.

गुळगुळीत मेणावर हा कोन सुमारें ११० अंश भरतो; कमळाच्या पानावर मात्र तो १६० च्या आसपास जातो. मेण तर दोहोंकडे आहे! कॅसी व बॅक्स्टर यांनीं १९४४ सालीं याचा उलगडा केला. खडबडीत पृष्ठाच्या फटींत हवा कोंडते व थेंब अंशतः हवेवरच बसतो. कमळाच्या पानावरील सूक्ष्म उंचवटे व मेणाचे कण यांचें हेंच कार्य बॉन येथील बार्थलॉट व नाइनहुइस यांनीं १९९७ सालीं दाखविलें.

आतां मोजणी. दंव सुकल्यावर ताजें पान खुडावें. पृष्ठास बोट लावूं नये, कारण मेणाची लुकण पुसली जाते. कांद्याची पोकळ पात उभी चिरून सपाट पट्टीवर चिकटवावी. बारीक सुईनें लहान थेंब ठेवावा. थेंब मोठा झाल्यास स्वतःच्या भारानेंच चपटतो. मागें उजेड ठेवून मोबाइल फोन पानाच्या पातळींत धरावा व लगेच छायाचित्र घ्यावें. त्यांत थेंबाची उंची व त्याच्या बुडाची रुंदी मोजावी. प्रश्न केवळ गुणोत्तराचा असल्यामुळें छायाचित्र कितीही मोठें केलें तरी चालतें. उंची रुंदीच्या पावपट असेल तर कोन ५३ अंश, निमपट तर ९०, बरोबरीची तर १२७ व दीडपट तर १४३. पावकी, निमकी व दिडकी ज्यास पाठ आहे, त्यास त्रिकोणमिति नको! पानावर जागोजाग फरक पडतो, म्हणून पांच थेंबांची सरासरी धरावी.

प्रथम साधें पाणी, मग औषधाचें मिश्रण, मग चिकट द्रव्य, म्हणजे बाजारांतील ‘स्टिकर’, घातलेलें मिश्रण, असें क्रमानें पाहावें. मिश्रण हाताळतांना हातमोजे अवश्य असावेत. चांगल्या द्रव्यानें पृष्ठताण ३० डाइनच्या आसपास उतरतो व कोन झपाट्यानें घटतो. परंतु एका मर्यादेपुढें मात्रा वाढविली तरी पृष्ठताण आणखी उतरत नाहीं. तेव्हां वेष्टनावरील प्रमाणाहून अधिक ओतणें हा निव्वळ खर्च होय. शिवाय फार पसरलेलें पाणी एकत्र वाहून पातीच्या टोंकावरून गळूं लागतें. दुकानदार हें सहसा सांगत नाहीं.

उभ्या पातीसाठीं पट्टी तिरपी करून पुन्हां पाहावें. उतारावर थांबलेल्या थेंबाचा खालच्या अंगाचा कोन मोठा व वरच्या अंगाचा लहान असतो; हें अंतर जितकें अधिक राहूं शकतें, तितका थेंब पातीस धरून राहतो. विहिरीचें पाणी जड असल्यास साबण घालून कोन कमी करण्याचा यत्न व्यर्थ आहे. पाण्यांतील चुन्याशीं मिळून त्याचा चोथा होतो व पंपाचें तोंड तुंबतें. मोजणीही त्याच विहिरीच्या पाण्यानें करावी.